क्रमांक आणि किंमत

लातूरच्या मोंढ्यात तूर तोलली जाते ती काट्यावर. कापडाच्या दुकानात मीटरची पट्टी असते, दुधाला लिटरचे माप असते, आणि खेड्यांतील वृद्ध माणसांच्या बोलण्यात ज्वारीसाठी अजून पायली येते. प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे असे माप आहे, आणि पायलीने कापड मोजण्याचा खुळेपणा कोणी करीत नाही. आता समजा, एखाद्या शेतकऱ्याला अडत्याने विचारले, “तुमच्या पोत्यात तूर किती?” आणि त्याने शेजारच्या पोत्याकडे बोट दाखवून उत्तर दिले, “त्याच्यापेक्षा थोडी कमी.” अडत्या हसल्यावाचून राहणार नाही. शेजारच्या पोत्यात किती तूर आहे हे जोवर कळले नाही, तोवर या उत्तराला काहीच अर्थ नाही. शिवाय थोड्या वेळाने ते पोते उचलून तेथे दुसरे लहान पोते ठेवले, म्हणजे याच्या पोत्यात एकही दाणा न वाढता तूर जास्त झाली, असे म्हणावे लागेल.

धान्याच्या बाबतीत जे हास्यास्पद वाटते, तेच माणूस स्वतःच्या बाबतीत रोज करीत असतो. मला किती येते, यापेक्षा त्याच्याहून मला कमी येते की जास्त, हा प्रश्न त्याला अधिक जवळचा वाटतो. असे का व्हावे?

याचे एक उत्तर लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले. आपली मते कितपत बरोबर आहेत आणि आपली कुवत किती आहे, हे जाणून घेण्याची ओढ प्रत्येक माणसात असते. विहिरीत पाणी किती खोल आहे हे दोर सोडून कळते. परंतु ‘मी हुशार आहे काय?’, ‘माझा आवाज चांगला आहे काय?’ या प्रश्नांसाठी कोणता दोर सोडावयाचा? जेथे असे साधन हाती नसते, तेथे माणूस इतरांकडे पाहतो, आणि त्यांच्याशी ताडून स्वतःविषयी अंदाज बांधतो. फेस्टिंगरने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. माणूस वाटेल त्याच्याशी स्वतःची तुलना करीत नाही. जे आपल्यासारखे आहेत असे त्याला वाटते, त्यांच्याशीच करतो. शाळेत कबड्डी खेळणारा मुलगा देशाच्या संघातील खेळाडूकडे पाहून खिन्न होत नाही. पण आपल्याच गल्लीतील, आपल्याच वयाच्या मुलाची निवड झाली आणि आपली झाली नाही, हे मात्र त्याला रात्रभर सलते. आतेभावाचे गुण ऐकून जिवाला जी टोचणी लागते, ती परक्या गावातील मुलाचे गुण वर्तमानपत्रात वाचून लागत नाही, याचे कारण हेच होय.

तेव्हा तुलना हा काही मनाचा रोग नव्हे. लहान मूल बोलावयास शिकते ते इतरांचे ऐकून आणि आपला उच्चार त्यांच्याशी ताडून. नवा सुतार जुन्या सुताराचा सांधा पाहतो आणि मग आपल्या सांध्यातली फट त्याच्या ध्यानात येते. अशा तुलनेने कामात सुधारणा होते. बिघाड होतो तो पुढच्या पायरीवर. ‘माझा सांधा त्याच्या सांध्याइतका घट्ट बसला नाही’ हे वाक्य बदलून जेव्हा ‘मी त्याच्याइतका चांगला नाही’ असे होते, तेव्हा मोजमाप कामाचे न राहता माणसाचे होते. पहिल्या वाक्यातून काय करावयाचे ते कळते: पटाशी धारदार करावी, लाकूड पुन्हा तासावे. दुसऱ्या वाक्यातून करण्यासारखे काहीच निघत नाही. निघते ती केवळ लाज.

तुलनेने मनाची कशी फसगत होते, याचे एक मजेदार उदाहरण क्रीडाक्षेत्रात सापडते. १९९२ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यांतील विजेत्यांच्या चित्रफिती घेऊन अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास केला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा आलेला खेळाडू तिसऱ्यापेक्षा अधिक आनंदी असावयास हवा. पण आढळले ते उलट. कांस्यपदक मिळवणारे चेहरे रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा अधिक प्रफुल्ल होते. रौप्यपदकाच्या मानकऱ्याची नजर वर होती: सुवर्णपदक थोडक्यात हुकले! कांस्यपदकाच्या मानकऱ्याची नजर खाली होती: थोडक्यात बचावलो, नाही तर रिकाम्या हातांनी परतावे लागले असते! ज्याने अधिक मिळवले तोच अधिक दुःखी झाला, आणि हे दुःख पदकातून आले नव्हते, तर नजर कोठे लागली होती यातून आले होते. आपल्याकडील खाशाबा जाधव यांचे पदक कांस्याचेच होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे तिसरे आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले पदक ठरले, आणि कराडजवळच्या त्यांच्या मुलखाने बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. त्या मिरवणुकीत पहिला कोण आला याची चौकशी कोणी केली असेल, असे वाटत नाही.

आता परीक्षेकडे वळू. गुण आणि क्रमांक या दोन वस्तू एकच आहेत, असे पुष्कळांना वाटते. त्या तशा नाहीत. गणितात १०० पैकी ६० गुण मिळवणाऱ्या मुलीला पुढच्या वेळी ७० मिळाले, तर तिची प्रगती झाली हे उघड आहे. पण वर्गातील इतर दहा मुलांनी याच काळात अधिक वेगाने प्रगती केली असेल, तर तिचा क्रमांक पूर्वीपेक्षा खाली जाऊ शकतो. ती पुढे गेली आणि मागेही गेली! गुण बऱ्याच अंशी तिच्या हाती होते. क्रमांक मात्र तीस-चाळीस निरनिराळ्या मुलांच्या हाती होता. याशिवाय क्रमांक अंतर सांगत नाही. पहिला आणि दुसरा यांच्यात एका गुणाचे अंतर असो की वीस गुणांचे, पत्रकावर ते सारखेच दिसते. जी गोष्ट आपल्या हाती नाही आणि जी पुरते सांगतही नाही, तिच्यावरून स्वतःची किंमत ठरवणे हा सौदा तोट्याचा आहे.

लातूर शहराला हा विषय चांगलाच परिचित आहे. एके काळी दहावी आणि बारावीच्या परीक्षांनंतर राज्य मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करीत असे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या मुलामुलींची छायाचित्रे झळकत, आणि आईवडील त्यांना पेढा भरवीत असल्याचे चित्र घराघरांत पाहिले जाई. मराठवाड्यातील मुलांची नावे त्या यादीत क्वचित दिसत. पुणे-मुंबईची मुले उपजतच निराळी, अशी एक समजूत त्यामुळे रूढ झाली होती. लातूरमधील काही महाविद्यालयांनी ही समजूत मान्य करावयाचे नाकारले. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले होते. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे अध्यापनाची जी रीत बसवली, ती पुढे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाऊ लागली. १९९० च्या सुमारास लातूरची मुले गुणवत्ता यादीत मोठ्या संख्येने दिसू लागली. (हेच वाघमारे १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.)

बाहेरच्या जगाला या रीतीची यादी तेवढी दिसली. आतले काम निराळे होते, आणि ते ध्यानात घेण्याजोगे आहे. अभ्यासक्रम वेळेच्या आधी संपवावयाचा, सुट्टीतही वर्ग घ्यावयाचे, मग सराव परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यावयाच्या; उत्तरपत्रिका तपासून विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाची आणि त्याची चूक नेमकी कोठे झाली ते त्याला दाखवावयाचे. म्हणजे त्या मुलाची आजची उत्तरपत्रिका खरी ताडून पाहिली जात होती ती त्याच्याच मागच्या उत्तरपत्रिकेशी. पुण्याचा कोणी मुलगा किती हुशार आहे, याचा त्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. यश आले ते या दुसऱ्या प्रकारच्या तुलनेमुळे; पण गाजली ती पहिली.

त्याचे परिणामही झाले. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, कंधार अशा तालुक्यांतून मुले लातूरला आणि नांदेडला शिकावयास येऊ लागली. अजूनही येतात. भाड्याची खोली, खानावळीचा डबा, सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग, आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी. पाठवणाऱ्या घरात कित्येकदा एक-दोन एकर कोरडवाहू जमीन, आणि सोयाबीनच्या भावावर अवलंबून असलेला सगळा हिशेब असतो. गावात जो मुलगा शाळेत सदैव पहिला, तो येथे येतो आणि त्याला कळते की या वर्गात बसलेला प्रत्येकजण आपापल्या शाळेतला पहिलाच होता. पहिल्या चाचणीत त्याचा क्रमांक शंभराच्या पलीकडे लागतो. त्याची बुद्धी एका महिन्यात आटली, असे तर झाले नाही. त्याच्या शेजारचे पोते तेवढे बदलले. पण हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही, तर तो निराळाच निष्कर्ष काढतो. घरी दूरध्वनीवर तो ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. डबा अर्धा परत जातो. रात्री झोप लागत नाही. अशा वेळी गप्प राहणे हे धैर्याचे लक्षण नव्हे. आईवडील, शिक्षक, वडील बहीण, खोलीतला सोबती, ज्याच्यावर विश्वास आहे अशा कोणाला तरी मनातली गोष्ट तत्काळ सांगावी, आणि ऐकणाऱ्यानेही उपदेश करण्याची घाई करू नये. कर्जाचा आकडा आणि मुलाच्या क्रमांकाचा आकडा एकाच दमात उच्चारण्याची चूक घरातल्या मोठ्या माणसांकडून होते. ती प्रेमापोटी होते, पण मुलाच्या पाठीवर ओझे मात्र तेवढेच पडते.

राज्य मंडळाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद केले. यादी गेली, तरी सवय गेली नाही.

येथे एक शंका कोणी विचारील. तुलना सोडावयाची, तर अन्यायही मुकाट्याने सोसावयाचा काय? तसे मुळीच नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला आधी परकी भाषा ओलांडावी लागे आणि मग विषय. महाविद्यालयीन शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुलाला बहुधा हैदराबाद गाठावे लागे. नांदेडचे पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० मध्ये. अशा मुलाची पुण्यातल्या मुलाशी बरोबरी करताना दोघांची सुरुवात कोठून झाली, हे विचारलेच पाहिजे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर सिंचन, रस्ते, शिक्षण यांत विभागाविभागांमध्ये किती तफावत आहे, हे तपासण्यासाठी १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही तुलना आवश्यक होती, कारण ती सोयींची होती. ‘कालवे कमी आहेत’ या निष्कर्षातून कालवे खणण्याची मागणी निघते. त्याच तुलनेतून ‘आमची माणसेच कमी प्रतीची’ असा निष्कर्ष काढला, तर मागणी करण्याचे बळही हातातून निघून जाते.

याच काळात, याच प्रदेशात वाढलेल्या एका माणसाचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे त्यांचे गाव. तो भाग आज हिंगोली जिल्ह्यात मोडतो. शिक्षणासाठी ते हैदराबादला राहिले. मराठीचे विद्वान प्राध्यापक ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. तेव्हा पुस्तकांना तोटा नव्हता. कुरुंदकरांचे वाचन अफाट होते: इतिहास, राजकारण, संस्कृत ग्रंथ, साहित्यशास्त्र, जे हाती येईल ते. आणि महाविद्यालयाच्या इंटरच्या परीक्षेत मात्र ते अनुत्तीर्ण झाले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

अपयश ही यशाची पायरी आहे, असे म्हणून या प्रसंगावरून पुढे जाणे सोपे आहे. परंतु ते खरे होणार नाही. बरोबरीचे विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागत असताना मागे राहणे, हे खरेखुरे नुकसान होते. पदवी लांबली, आणि पदवीवर अवलंबून असलेले सर्व काही लांबले. तसेच परीक्षेत नापास होणे हे विद्वत्तेचे लक्षण आहे, असा उफराटा अर्थही यातून कोणी काढू नये! नापास झालेले सारेच कुरुंदकर होत नाहीत. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच, की परीक्षेने त्यांच्याविषयी जे सांगितले ते परीक्षेपुरते होते, आणि त्यांनी स्वतः ते परीक्षेपुरतेच राहू दिले. वाचन थांबले नाही. ज्या विषयांची गोडी होती, ते विषय निकालानंतरही तेच राहिले.

नांदेडला येऊन ते प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाले. शाळेतील मुलांना शिकवीत असतानाच त्यांचा व्यासंग वाढत होता. पुढे त्यांनी एम. ए. ची पदवी मिळवली, पीपल्स कॉलेजमध्ये ते मराठीचे प्राध्यापक झाले आणि अखेरीस त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. साहित्यावर त्यांनी ‘रूपवेध’, ‘मागोवा’, ‘धार आणि काठ’ ही पुस्तके लिहिली. समाज आणि राजकारण यांवर ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ ही लिहिली. भरताच्या नाट्यशास्त्रावर ते अधिकाराने बोलत आणि मनुस्मृतीचीही त्यांनी चिकित्सा केली. रणजित देसाई यांनी शिवाजी महाराजांवर ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिची प्रस्तावना म्हणून कुरुंदकरांचे एक दीर्घ पत्र छापले गेले. कादंबरीइतकेच ते पत्रही वाचकांच्या चर्चेचा विषय झाले. हे सारे लेखन नांदेडात बसून झाले. पुण्या-मुंबईला गेल्यावाचून विद्वानांत गणना होत नाही, ही समजूत तेव्हा बळकट होती. पण नांदेड सोडून जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. महाराष्ट्रातले लोकच त्यांना व्याख्यानासाठी ठिकठिकाणी बोलावू लागले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

अशी स्वतःविषयीची खात्री कशातून येते? आरशापुढे उभे राहून ‘मी थोर आहे’ असे घोकल्याने ती येत नाही. मनाला ते खोटे आहे हे ठाऊक असते. ती येते हातून झालेल्या कामातून. काल न सुटलेले गणित आज सुटले, लावलेले रोप जगले, धाकट्या भावाला समजावलेला धडा त्याला कळला, आजारी आजीला वेळेवर औषध दिले, हे सर्व त्या खात्रीचे दाणे आहेत, आणि ते हळूहळू साठतात. त्यांची नोंद ठेवली तर आणखी बरे. सराव परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत न टाकता जपून ठेवाव्यात आणि दोन महिन्यांनी काढून पाहाव्यात. तेव्हाच्या चुका आता हास्यास्पद वाटू लागल्या असतील, तर क्रमांक काहीही असो, पोत्यात भर पडली आहे.

दुसरे असे, की गुणांचे प्रकार अनेक आहेत आणि ते एका ओळीत उभे करता येत नाहीत. लातूर जिल्ह्यातील तीन पदार्थांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. विशिष्ट प्रदेशाच्या माती-पाण्यामुळे एखाद्या वस्तूला जो वेगळा गुण येतो, त्याची ही कायदेशीर ओळख होय. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा असे काही नसते. कोथिंबिरीचा वास पाहिला जातो, चिंचेचा गर पाहिला जातो, डाळीची चव पाहिली जाते. चिंचेला वर्षाचा बहर लागतो आणि कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात काढणीला येते, म्हणून चिंच मंदबुद्धीची ठरत नाही! वर्गातही एकाची स्मरणशक्ती तीव्र असते, दुसऱ्याचा हात चित्रात चालतो, तिसरी मुलगी भांडण मिटवण्यात पटाईत असते. या शेवटच्या गुणाला गुणपत्रिकेत रकाना नाही. तो नसल्यामुळे तिची योग्यता कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पुष्कळदा तिच्याही येत नाही. शिक्षकाने किंवा मैत्रिणीने ती एकदा बोलून दाखवावी लागते.

एवढे समजल्यावरही शेजारच्याचे गुण ऐकताच पोटात खड्डा पडतोच. तो पडणार. तेव्हा मनाशी दोनच प्रश्न विचारावेत. त्याच्याकडून शिकण्यासारखे यात काही आहे काय? असेल, तर त्याच्याकडे जाऊन सरळ विचारावे, “हे गणित तू कसे सोडवलेस?” आणि शिकण्यासारखे काही नसेल, तर आपली वही उघडून कालच्या पानापासून पुढे चालू लागावे.